आकड्यावरून हमरीतुमरी, अस्तराकडे पाठ

१३० की १४०? उच्च रक्तदाबाची रेघ नेमकी कुठे ओढायची यावरून गेली काही वर्षं जी हमरीतुमरी चालली आहे ती ऐकताना लिलावाची आठवण येते. २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी १३०/८० पासून पुढे उच्च रक्तदाब, असं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी युरोपातल्या संघटनेनं १४०/९० वर ठाण मांडलं. २०२४ मध्ये युरोपनं आपली जुनी रेघ तशीच ठेवली, पण तिच्याखाली १२०/७० पासून ‘वाढलेला रक्तदाब’ असा एक नवा पट्टा आखला. यावर एक गट म्हणतो, धडधाकट माणसांना रातोरात रोगी ठरवण्याचं हे औषध कंपन्यांचं कारस्थान आहे. दुसरा म्हणतो, दाब जितका कमी तितका बरा, वाद कसला घालता? आणि या दोघांची जुंपलेली पाहून तिसराच कुणीतरी ‘मूळ कारण’ नावाचं दुकान थाटतो. रक्तदाब हे नुसतं लक्षण, खरा आजार रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा, तेव्हा गोळ्या सोडा आणि आमची नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी पावडर घ्या.

या तिघांपैकी कुणाचंच मला पटत नाही. गंमत अशी, की विज्ञानाला धरून असलेलं वाक्य शोधायला गेलं तर ते पावडरवाल्याच्याच तोंडी सापडतं, फक्त ‘तेव्हा’ या शब्दाच्या अलीकडे. माझं म्हणणं साधं आहे. रक्तदाब का वाढतो आणि त्यापायी हृदय का बिघडतं हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात अस्तरापासून करावी लागते. उपचार करायचे असतील तर सुरुवात आकड्यापासून करावी लागते. आकडा खाली आला की गंगेत घोडं न्हालं असं मानणं ही एक चूक, आणि अस्तराचं महत्त्व कळलं म्हणून आकडा वाऱ्यावर सोडणं ही दुसरी. सध्याचा वाद या दोन चुकांच्या मधे टोलवाटोलवी करतो आहे.

आकड्याला एवढा मान मिळाला कसा? तो मोजता आला म्हणून. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं एका घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची लांब नळी जोडली, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच वर चढलं. हे त्यानं १७३३ साली छापलं. माणसावर असा प्रयोग रोज कोण करू देणार? १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाभोवती फुगवायचा पट्टा आणला, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ऐकायला शिकवलं, आणि वैद्यकाच्या हाती एक आकडा आला. दंड हा शरीरातला काही फार मोक्याचा भाग नाही. पट्टा गुंडाळायला सोयीचा आहे, इतकंच. दाब म्हणजे हृदय किती रक्त ढकलतं आणि बारीक धमन्या त्याला किती अडवतात या दोहोंचा गुणाकार. आपल्याला दिसतो गुणाकार. गुणणारे दोघे पडद्याआड राहतात. त्यातली धमनी तर फार हट्टी बाई आहे. तिची त्रिज्या १० टक्क्यांनी आक्रसली, तर अडथळा जवळजवळ दीडपट होतो.

पट्ट्याच्या आधीच्या काळात डॉक्टरांना यातलं काहीच कळत नव्हतं असं मात्र नाही. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ साली मूत्रपिंडं बिघडलेल्या शंभर रुग्णांच्या शवविच्छेदनांची नोंद छापली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हृदयाचा डावा खालचा कप्पा जाडजूड झालेला होता, आणि झडपा मात्र ठणठणीत. झडपेत दोष नाही, मग हृदयाला एवढी मेहनत कशापायी करावी लागली? ब्राइट यांनी दोन शक्यता मांडल्या. बदललेलं रक्त हृदयालाच डिवचत असेल, किंवा अगदी बारीक वाहिन्यांमधल्या अभिसरणावर परिणाम करत असेल, आणि त्यातून रक्त पुढे सरकवायला हृदयाला जोर लावावा लागत असेल. रक्तदाब मोजायचं यंत्र यायला अजून साठ वर्षं होती. आकडा नव्हता, पण त्या आकड्यामागची दोन पात्रं, बारीक वाहिनी आणि डावा कप्पा, या माणसानं समोरासमोर उभी केली होती. पुढे आकडा आला आणि पात्रं विसरली गेली, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल. पण थोडीच.

अस्तर म्हणजे एंडोथेलियम. रक्तवाहिनीच्या आतून, फरशीसारखा, पेशींचा एकच थर. रक्त गळू नये म्हणून लावलेला गिलावा, एवढीच त्याची ओळख कितीतरी वर्षं होती. ती पुसली गेली एका चुकीनं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यांवर औषधांचे परिणाम पाहत. अॅसिटिलकोलिन हे रसायन जिवंत प्राण्यात वाहिन्या सैल करतं, पण त्यांच्या पट्ट्या त्यानं आवळत. हे कोडं वर्षानुवर्षं तसंच पडून होतं. १९७८ मध्ये सहायकाच्या हातून प्रयोगातल्या पायऱ्यांचा क्रम चुकला आणि तो तुकडा चक्क सैलावला. फर्चगॉट यांनी सहायकाला झापून विषय संपवला असता तर? ते चुकीच्या मागे लागले. उलगडा झाला तो असा, की धमनी कापताना, हाताळताना तिचा आतला पृष्ठभाग घासला जात होता. अस्तर शाबूत असलेला तुकडा सैलावायचा, घासला गेलेला आवळायचा. पण खरी ‘हा सूर्य, हा जयद्रथ’ गंमत पुढे आहे. त्यांनी अस्तर काढलेल्या पट्टीवर अस्तर असलेली पट्टी, आतली बाजू आतल्या बाजूला लावून, सँडविचसारखी ठेवली. मघाशी आवळणारी अस्तरहीन पट्टी आता सैलावली. म्हणजे शेजारच्या पट्टीच्या अस्तरातून काहीतरी झिरपत होतं आणि हिच्या स्नायूला ‘सोड’ म्हणत होतं. हा शोध १९८० मध्ये छापून आला. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे १९८७ पर्यंत नक्की झालं आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराद यांना नोबेल मिळालं. मोंकाडा यांच्या गटानं तो वायू प्रत्यक्ष मोजून दाखवला होता, तरी ते राहून गेले, याची हळहळ अजून ऐकू येते. आणि नोबेलच्या नावाचा योगायोगही असा, की खुद्द आल्फ्रेड नोबेलना आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी छातीच्या दुखण्यावर नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं होतं, ज्याच्या स्फोटकांवर त्यांचं साम्राज्य उभं होतं आणि जे शरीरात जाऊन हाच वायू सोडतं. या नशिबाच्या चेष्टेबद्दल त्यांनी पत्रातही लिहिलं आहे.

तर हे अस्तर रक्ताच्या घासण्याचा वेग ओळखतं. प्रवाह जोरात आला की अधिक वायू सोडतं, धमनी रुंदावते, घर्षण पुन्हा सुसह्य होतं. या वायूचं आयुष्य काही सेकंदांचं. म्हणजे तो सतत, घटकेघटकेला तयार व्हावा लागतो. १९८९ मध्ये निरोगी माणसांच्या हाताच्या धमनीत हा वायू बनण्याची क्रिया अडवणारं द्रव्य सोडलं, तेव्हा काहीही आजार नसताना तिथला रक्तप्रवाह घटला. आपल्या वाहिन्या मोकळ्या असतात असं आपण समजतो; प्रत्यक्षात अस्तर त्या क्षणोक्षणी मोकळ्या ठेवत असतं. तेच अस्तर आजारलं की वायू कमी बनतो, बनलेला वायू ऑक्सिजनचे बिथरलेले रेणू गिळून टाकतात, आणि एंडोथेलिनसारखी आवळणारी द्रव्यं शिरजोर होतात. उच्च रक्तदाबात नेमकं हे घडतं का? १९९० मध्ये ज्युलिओ पान्झा आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या हातावर पाहिलं. अस्तरामार्फत काम करणारं अॅसिटिलकोलिन दिलं तर त्यांच्या वाहिन्या निरोगी माणसांपेक्षा कमी रुंदावत. स्नायूवर थेट काम करणारं नायट्रोप्रुसाइड दिलं तर दोन्हीकडे सारखंच. म्हणजे स्नायू सैल व्हायला तयार होता, निरोपच येत नव्हता.

आता हृदय. उच्च रक्तदाबानं हृदय थकतं याचं नेहमीचं वर्णन हमालाचं असतं. ओझं वाढलं, दंड फुगले, शेवटी कणा मोडला. वर्णन चुकीचं नाही, अर्धवट आहे. भिंत जाड होते ती ओझं जास्त स्नायूंत वाटून घेण्यासाठी, हे खरं. पण त्या भिंतीला स्वतःला रक्त कधी मिळतं? डावा कप्पा आवळला जातो तेव्हा तो आपल्याच वाहिन्या पिळून बंद करतो. त्याला रक्त मिळतं मुख्यतः तो सैलावतो तेव्हा. भिंत जाडावली, केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, त्यांच्या अलीकडच्या बारीक धमन्यांचं अस्तर रुंदावायला कुचराई करतंय, आणि सैलावण्याची क्रियाच मंदावली आहे, असं एकत्र आलं की तो कप्पा मेहनत करतो आणि उपाशी राहतो. मोठ्या कोरोनरी धमन्यांत एकही अडथळा नसताना छातीत दुखणारी माणसं असतात, त्यातल्या अनेकांची गोष्ट इथे सुरू होते. अँजिओग्राफी स्वच्छ आली म्हणून त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी पाठवलं जातं. त्यात बायका जास्त. त्याबद्दल लिहायला बसलो तर हा लेख भरकटेल.

दुसरा धागा माझ्या मते याहून महत्त्वाचा आहे आणि सर्वात कमी बोलला जातो. हृदयाच्या कप्प्यांनाही आतून हेच अस्तर असतं, आणि प्रत्येक स्नायुपेशीला खेटून केशवाहिनीचं अस्तर असतं. बेल्जियमचे डर्क ब्रुट्सार्ट यांनी १९८०च्या दशकात दाखवलं, की कप्प्याच्या आतलं अस्तर काढलं तर स्नायूच्या आकुंचनाचा जोर आणि कालावधी बदलतो. म्हणजे अस्तर नुसतं नळाचं काम बघत नाही, पंपाशीही बोलतं. पॉलस आणि चोपे या संशोधकांनी २०१३ मध्ये यावरून एक मांडणी केली. लठ्ठपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब यांमुळे हृदयातल्या बारीक वाहिन्यांचं अस्तर धुमसतं, वायूचा निरोप स्नायुपेशीपर्यंत पोचत नाही, आणि पेशीतलं टायटिन नावाचं स्प्रिंगसारखं प्रथिन ताठर राहतं. कप्पा आवळतो नीट, सैलावत नाही. रुग्णाला जिना चढताना धाप लागते आणि इकोच्या अहवालात हृदय उत्तम पंप करतंय असं लिहिलेलं असतं. हार्ट फेल्युअरच्या साधारण निम्म्या रुग्णांचं हृदय असं असतं, आणि त्यातल्या बहुतेकांना पूर्वीपासून उच्च रक्तदाब असतो. हमालाच्या गोष्टीत हे लोक बसतच नाहीत. त्यांच्या हृदयाचा कणा मोडलेला नाही. त्याला बसता येत नाही.

इथपर्यंत पावडरवाला खूश असेल. पण आता त्याच्या विरुद्ध बाजूचं जे भक्कम आहे ते मांडायला हवं, आणि ते खरोखरच भक्कम आहे.

‘मूळ कारणाला हात घाला, आकड्याला नको’ हा युक्तिवाद नवा नाही. वैद्यकात तो एकदा राज्य करून गेला आहे आणि त्या राज्यात माणसं मेली. उच्च रक्तदाबाला चिकटलेल्या ‘इसेन्शियल’ या विशेषणाचा अर्थ अनेक डॉक्टर ‘आवश्यक’ असाच घेत. वाहिन्या अरुंद झाल्या आहेत, तेव्हा रक्त पोचवायला जास्त दाब आवश्यक आहे, तो कमी करू नका. १९३१ मध्ये लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी लिहिलं, की रक्तदाब वाढलेल्या माणसाला सर्वात मोठा धोका तो सापडण्यातच आहे, कारण मग कुणीतरी मूर्ख तो कमी करायला जाणारच. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं काय झालं? मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ डॉ. ब्रुएन यांनी तपासलं तेव्हा दाब १८६/१०८ होता, हृदय मोठं झालेलं, डावा कप्पा थकलेला. त्यांचे खासगी डॉक्टर तोवर वयाच्या मानानं ठीक म्हणत आले होते. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट कोसळले तेव्हा दाब ३००/१९० नोंदला गेला. जगातल्या सर्वात बलाढ्य माणसासाठी तेव्हा हाताशी धड गोळी नव्हती, हेही खरं. ती आली आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांवर पाहणी झाली. खोटी गोळी घेणाऱ्या गटात गंभीर घटना २७, खरी घेणाऱ्यांत २. कुणी अस्तर तपासलं नव्हतं, कुणी वायू मोजला नव्हता. फक्त आकडा उतरवला होता. या २७ आणि २ समोर कुठलाही तात्त्विक युक्तिवाद टिकत नाही, माझाही नाही.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा. अस्तराची गोष्ट इतकी सुबक असेल तर अस्तराला थेट मदत करून माणसं बरी व्हायला हवीत. झाली का? वायू ज्यापासून बनतो ते आर्जिनिन हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना देऊन पाहिलं. २००६ मध्ये छापलेल्या त्या चाचणीत धमन्यांचा ताठरपणाही कमी झाला नाही, हृदयही सुधारलं नाही, आणि आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी आवरती घ्यावी लागली. वायू गिळणारे ऑक्सिजनचे रेणू आवरावेत म्हणून व्हिटॅमिन ई दिलं. २०००च्या मोठ्या चाचणीत त्याचा काडीचा उपयोग दिसला नाही. सैलावू न शकणाऱ्या हृदयाला २०१३ मध्ये वायूचा निरोप टिकवून धरणारं सिल्डेनाफिल, २०१५ मध्ये वायू सोडणारं नायट्रेट, २०१८ मध्ये नाकातोंडावाटे नायट्राइट देऊन झालं. तिन्ही वेळा हात रिकामे. नायट्रेट घेणारे तर दिवसभरात खोटी गोळी घेतानाच्या मानानं कमी हिंडूफिरू लागले. १९८९चा धडा आठवावा असा हा प्रकार आहे. झटक्यानंतर हृदयाचे जादा ठोके पडणं धोक्याचं, म्हणून ते ठोके बंद करणारी औषधं दिली गेली. ठोके बंद झाले आणि मृत्यू वाढले. सुबक साखळीची मधली एक कडी ओढली की शेवटची कडी आपोआप हलते, हा भ्रम आहे. पावडरवाला हाच भ्रम डब्यात भरून विकतो.

आणि मोजमापाचं काय? अस्तर तपासायची सर्वात परिचित पद्धत अशी: आडवं झोपायचं, हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त पूर्ण अडवायचं, मग सोडायचं. मी हे एकदा हौसेनं करून घेतलं. तिसऱ्या मिनिटाला बोटं परकी वाटू लागतात. पट्टा सुटला की तळव्यात ऊब धावत येते आणि त्वचा लाल होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर मात्र दोन समांतर करड्या रेषा, आणि तंत्रज्ञ सांगतो म्हणून कळतं की त्या लांब गेल्या. सुमारे चार मिलिमीटरची धमनी काही टक्के रुंदावते, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांचा मामला. प्रोब जरासा तिरका झाला, खोली गार पडली, माणूस नुकताच जेवून आला, की निकाल बदलतो. गटागटांच्या सरासरीत ही तपासणी बोलकी आहे. एका माणसाला गोळी द्यायची की नाही हे तिच्यावरून ठरवणं म्हणजे हातगाडीच्या काट्यावर सोनं तोलणं.

तिसरा मुद्दा आकडावाल्यांचा आवडता. २००२ मध्ये निकाल आलेल्या ऑलहॅट चाचणीत तेहतीस हजारांहून अधिक रुग्ण होते. अस्तरावर मेहेरनजर असलेली म्हणून गाजलेली लिसिनोप्रिल आणि अॅम्लोडिपिन एका बाजूला, आणि लघवी वाढवणारी जुनीपुराणी क्लोरथॅलिडोन दुसऱ्या बाजूला. मुख्य निकालात फरक पडला नाही. हार्ट फेल्युअरच्या बाबतीत तर जुनी गोळीच सरस ठरली. हे मान्य करून टाकावं. अस्तराच्या सिद्धांतावरून औषध निवडायला जाऊ नये, त्यासाठी चाचण्याच हव्यात. पण त्याच ऑलहॅटमध्ये चौथी एक गोळी होती, तिची आठवण आकडावाले काढत नाहीत. डॉक्साझोसिन. तीही रक्तदाब उतरवत होती, क्लोरथॅलिडोनपेक्षा दोन-तीन अंकांनी कमी इतकंच. पण ती घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जवळपास दुप्पट झालं आणि २००० मध्येच तो गट बंद करावा लागला. दोन-तीन अंकांच्या फरकानं दुप्पट? आकडा हाच सर्वेसर्वा असेल तर याचं उत्तर द्यावं लागेल. पट्ट्यावरचा आकडा जवळपास तोच, आणि त्यामागे हृदयाची अवस्था वेगळी, हे या एका गोळीनं दाखवून दिलं.

मॉंट्रियलच्या शिफ्रिन यांनी तर याहून जवळ जाऊन पाहिलं. त्यांनी रुग्णांच्या नितंबातून चिमूटभर मांस काढून त्यातल्या केसाएवढ्या धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. काहींना हृदयाचे ठोके मंदावणारी अॅटेनोलोल, काहींना वाहिन्या आवळणारं द्रव्य बनवणारं एसीई हे विकर अडवणारी सिलाझाप्रिल. दोघांचा रक्तदाब सारखाच उतरला. दुसऱ्या गटाच्या धमन्यांच्या भिंती निवळू लागल्या, अस्तर पुन्हा निरोप देऊ लागलं. अॅटेनोलोलवाल्यांच्या धमन्या होत्या तशाच. पान्झा यांनीही १९९३ मध्ये नोंदवलं होतं, की नेहमीच्या औषधांनी रक्तदाब ताळ्यावर आणूनही रुग्णांच्या अस्तराचा प्रतिसाद सुधारला नव्हता. २००२ च्या लाइफ चाचणीत ज्यांचा डावा कप्पा आधीच जाडावला होता अशा नऊ हजारांवर लोकांत लोसार्टन आणि अॅटेनोलोल यांनी दाब सारखाच उतरवला, पण लोसार्टननं कप्पा जास्त निवळला आणि पक्षाघात एक चतुर्थांशानं कमी झाले. अॅटेनोलोल मुळातच लेचापेचा प्रतिस्पर्धी होता असा आक्षेप यावर घेतात. घ्यावा. पण लेचापेचा कशात? आकडा उतरवण्यात तर तो तुल्यबळ होता. हा आक्षेप घेणारा नकळत माझ्याच बाजूला येऊन उभा राहतो.

यावर ‘कोंबडी आधी की अंडं’ असं म्हणून हात झटकणारे भेटतात. दाबानं अस्तर बिघडतं की अस्तर बिघडल्यानं दाब वाढतो? दोन्ही घडतं, आणि त्यातली दुसरी दिशा तर आपण स्वतः तयार करून पाहिली आहे. कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडण्यासाठी बेव्हॅसिझुमॅबसारखी औषधं दिली जातात. अस्तराला जगवणारा व्हीईजीएफ हा घटक ती अडवतात. कालपर्यंत रक्तदाब नसलेल्या रुग्णाचा दाब काही दिवसांत, आठवड्यांत वर जातो, आणि या वर्गातल्या काही औषधांनी हृदयाची ताकदही घटते. निसर्गानं हाच प्रयोग गर्भारपणात मांडला आहे. प्रीएक्लॅम्प्सियामध्ये वार रक्तात एक प्रथिन सोडते, ते याच घटकाला पकडून ठेवतं. २००३ पासून हे ठाऊक आहे. बाईचा दाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात. बाळंतपण होतं, वार बाहेर येते, काही आठवड्यांत दाब उतरतो. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, फाइल बंद. पण या बायकांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरजणींच्या साधारण दुप्पट असतो. आकडा विसरला, शरीर विसरलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. यात काही भाग असाही असेल, की मुळातच नाजूक अस्तर असलेल्या बायकांना हा त्रास झाला, गर्भारपणानं फक्त ते उघडं पाडलं. तसं असेल तर मग फाइल बंद करणं दुप्पट चुकीचं.

मग १३० की १४० या लिलावाचं काय? माझ्या मते तो प्रश्नच एका माणसाच्या बाबतीत चुकीचा पडतो. समजा, दोघांचा रक्तदाब १३६. एकाचा डावा कप्पा जाडावलेला, वरचा कप्पा फुगलेला, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन. दुसऱ्याचं यातलं काहीच नाही. या दोघांना एकाच रेघेच्या एका बाजूला उभं करून ‘रोगी की निरोगी’ विचारायचं, आणि उत्तरावरून भांडायचं, म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. लोकसंख्येसाठी रेघ लागते, धोरणासाठी लागते, हे कबूल. पण २०१५ ची स्प्रिंट चाचणी, जिच्या जोरावर रेघ खाली सरकली, तिचा निकाल जरा उलगडून बघावा. वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवल्यावर हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात यांत ठळक म्हणावा असा फरक पडला नव्हता. मोठा फरक होता हार्ट फेल्युअरमध्ये, ३८ टक्के कमी, आणि मृत्यूंमध्ये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी हार्ट फेल्युअरची सूज झाकली गेली असेल असं टीकाकार म्हणतात आणि त्यात तथ्य असू शकतं. तरीही कमी दाबाचा फायदा सर्वात आधी त्या थकत चाललेल्या कप्प्याला होतो, असंच ही चाचणी सुचवते. मग त्या कप्प्याकडे न बघता नुसत्या रेघेवर एवढी शाई का?

अस्तर बघायला प्रयोगशाळा लागते, हा आक्षेप मी वर स्वतःच उचलून धरला आहे. पण अस्तराच्या सावल्या बघायला ती लागत नाही. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या वाहिन्या बघून त्यांच्या चार पायऱ्या लावल्या. चौथ्या पायरीवरचे बहुतेक जण वर्षभरही जगत नसत. त्या पिढीला वाहिनी बघितल्याशिवाय रक्तदाबाचा रुग्ण बघितला असं वाटत नसे. आज लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याशी प्रमाण काढता येतं. मूत्रपिंडाच्या गाळणीचं अस्तर गळू लागलं की ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर जातं, आणि तेव्हा बाकीच्या शरीरातलं अस्तरही बहुधा सुखात नसतं. इको काढला तर कप्पा नुसता आवळतो किती एवढंच न बघता सैलावतो कसा हेही बघता येतं. अस्तर सुधारण्याचे मार्गही डब्यात मिळत नाहीत. जर्मनीत २००० मध्ये कोरोनरी रुग्णांना चार आठवडे नेटानं सायकल मारायला लावली आणि त्यांच्या हृदयधमन्यांचं अस्तर ताळ्यावर येऊ लागलं. वेगानं वाहणारं रक्त अस्तराला घासतं, आणि ते घासणंच त्याचं खाद्य आहे. धूम्रपान सोडणं, मीठ आवरणं यांची यादी सगळ्यांना पाठ आहे. एवढंच लक्षात घ्यावं, की या गोष्टी कधीकधी आकड्यावर फारशा दिसत नाहीत आणि म्हणून सोडून दिल्या जातात.

परवा नात्यातल्या एका काकांचा फोन आला. “आता बीपी नॉर्मल आलंय. गोळी बंद करू का?” गोळी बंद करू नका हे त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. मग मी विचारलं, “लघवीतलं अल्ब्युमिन किती आहे?” ते म्हणाले, “ते तर कधी सांगितलंच नाही कुणी करायला. सहा वर्षं झाली गोळी चालू आहे.” त्यांनी फाइलचे फोटो पाठवले. १२८/७८, १३२/८०, १२६/७६, प्रत्येक भेटीचा आकडा लाल शाईनं गोल केलेला. लघवीच्या तपासणीचा एकही कागद नाही. रिचर्ड ब्राइट रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर धरत. पांढरा साका जमला की त्यांना कळे, आत काय चाललंय ते. तेवढ्या ढोबळ परीक्षेत काकांचं कदाचित काहीच दिसलं नसतं. पण चमचा तरी धरला गेला असता.